लाल दोऱ्याचं पुडकं

आमच्या आईचा एक नियम आहे. चांगलं ते दुसऱ्याला द्यायचं, मोडकंतोडकं आपण खायचं. वाल असोत, आंबे असोत, पापड असोत, घरात काही नवीन झालं की त्यातलं उत्तम बाजूला काढून ती आधी चार घरी वानोळा पाठवते. मला लहानपणी याचा फार राग यायचा. अख्खा पापड मी सासरी आल्यावर पाहिला, असा टोमणा मी तिला अजूनही मारते. पण याच नियमापायी लॉकडाऊनच्या दिवसांत आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जिवावर बेतायची वेळ आली होती.

माझं माहेर खांबजवळ, हायवेच्या फाट्यापासून आत दीडेक किलोमीटरवर. भात आणि वालाची शेती. मी पेणला दिलेली. आई दरवर्षी मार्चमध्ये आठ दिवस माझ्याकडे येते, आम्ही दोघी मिळून वर्षाचे पोह्यांचे पापड करतो. पीठ पेणच्या गिरणीतून आणायचं, कुटायचं, लाटायचं, गच्चीवर वाळवायचं आणि दिवसभर एकमेकींच्या चुका काढायच्या.

पण त्या वर्षी तिचं आणखी एक काम होतं. आबांच्या गोळ्या न्यायच्या होत्या. आदल्या पावसाळ्यात एका सकाळी आबांचं तोंड अचानक वाकडं झालं, डावा हात उचलेना. धावपळ करून पनवेलला नेलं. थोडक्यात निभावलं, चार दिवसांत हातही हलायला लागला. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची एक आणि रक्त पातळ ठेवायची एक अशा दोन गोळ्या दिल्या आणि बजावलं, एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

गावात आबांनी सांगितलं, डोळे तपासायला गेलो होतो. त्यांचं म्हणणं, ज्याला गोळी लागते त्याचं गावात कोणी ऐकत नाही. आबांचं तर सगळं गाव ऐकायचं, अगदी भांडणंही त्यांच्या ओट्यावर मिटायची. तेव्हा ही गोष्ट आबा, आई आणि मी अशा तिघांतच ठेवायचं ठरलं. जावयालासुद्धा सांगायचं नव्हतं. कोणी तब्येत विचारली की त्यांचं एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?" कोलाडच्या दुकानात गावातलं कोणी भेटेल म्हणून गोळ्या पेणहून यायच्या. आई येताना त्यांच्यासाठी बारा दिवसांच्या गोळ्या ठेवून आली होती. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या पिशवीत होती.

आई आली आणि पाचव्या दिवशी सगळं बंद झालं.

त्या दिवसांतली आमची गल्ली आठवली की अजून हसू येतं. रविवारी थाळ्या वाजवायच्या ठरल्या तेव्हा समोरच्या गृहस्थांनी एवढ्या जोरात वाजवली की ताटाला कायमचा खड्डा पडला. त्यांच्या बायकोने ते ताट पुढे दोन महिने त्यांनाच वाढलं. कोणी कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुवायचं, कोणी पेपरला इस्त्री करून वाचायचं. दूधवाला आला की बायका पातेली पायरीवर ठेवून चार हात मागे पळायच्या. मीही त्यातलीच. मी तर भाजी आणल्यावर पिशवीसकट स्वतःलाही धुवून काढायचे.

आईचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. पापड लाटता लाटता मध्येच बोटांवर काहीतरी मोजायची. मी विचारलं तर म्हणाली, "सात दिवस ऱ्हायले गो."

परत जायला वाट नव्हती. एसटी बंद, गाड्या बंद, पाससाठी कारण लागायचं. खरं कारण लिहिलं असतं तर आबांनी आम्हाला आयुष्यात माफ केलं नसतं. गावातून आठवड्याला एक जण पोलिसांना सांगून कोलाडला औषधं आणायला जायचा, पण कोणाला काय आणायचं ती यादी फाट्यावर मोठ्याने वाचली जायची. आबा त्या यादीत नाव घालणार नव्हते, आणि चिठ्ठीही त्यांच्याकडे नव्हती. शिवाय तेव्हा साधं कोणी शिंकलं तरी लोक दारं लावून घेत होते. आजारी माणूस म्हणजे संशयित, असाच सगळ्यांचा समज.

आमच्या ह्यांची नोकरी धाटावला. कंपनीत औषधाला लागणारं काहीतरी बनतं, म्हणून काही दिवसांनी अर्ध्या माणसांवर काम सुरू करायची परवानगी आली. कंपनीची बस पुन्हा धावू लागली. हे पहिल्या दिवशी कामावर निघाले तेव्हा गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मला वाईट वाटलं, पण आईचा चेहरा उजळला. बस नागोठण्याहून खांबवरून, कोलाडला वळून धाटावला जायची. म्हणजे रोज सकाळी आमच्या फाट्यावरून.

बसमधून बाहेरच्या माणसाला नेता येत नव्हतं, पिशवी नेता येत होती.

फाट्यावर मात्र गावबंदी होती. बांबू आडवे बांधून त्यावर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या आणि तिथे पाळीपाळीने माणसं बसायची. बाहेरचा माणूस आत नाही. गावचा माणूस बाहेरून आला तर चौदा दिवस शाळेत. बाहेरून आलेली वस्तू बांबूला लटकवायची, मग शाळेच्या कट्ट्यावर दोन दिवस उन्हात ठेवायची, आणि मगच घरी न्यायची. हे सगळे नियम कोणी केले होते हे सांगायला नको. आबा दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसायचे, तोंडाला पंचा बांधून.

फोनचीही तीच तऱ्हा. गावात रेंज नाही, ती फाट्यावरच मिळते. त्यात आबांच्या फोनचा कानाचा आवाज कधीच गेलेला, तो चालायचा फक्त स्पीकरवर. म्हणजे आई जे बोलेल ते काट्यांजवळ बसलेले आठ-दहा जण ऐकणार. नवऱ्याला जेवलात का एवढंही विचारायला ती लाजायची, गोळ्यांचं कुठून बोलणार!

मग तिने युक्ती काढली. नव्या पापडांची सहा पुडकी बांधली. पाच पांढऱ्या दोऱ्याने, सहावं देवघरातल्या लाल दोऱ्याने. लाल दोऱ्याच्या पुडक्यात मधोमध गोळ्यांची पाकिटं सरकवली. पापड चपटे, पाकिटं चपटी, वरून काही कळायचं नाही. मी म्हटलं, "निदान ह्यांना सांगू या, हे बसमधून ओरडून सांगतील."

"म्हणून तर नाय सांगायचं," आई म्हणाली.

दहाव्या दिवशी सकाळी पिशवी बांबूला लटकली. संध्याकाळी आईने फोन लावला. मी शेजारी बसले होते.

"पापड मिळाले?"

"मिळाले. उन्हात ठेवलेत."

"त्यातलं लाल दोऱ्याचं हाय ना," आई जरा घुटमळली, "ते तुमच्यासाठी हाय. ते तुम्हीच खा."

पलीकडे एकदम हशा उसळला. "आबा, काकीनी तुमच्यासाठी येगळं पाठवलान काय! लाल दोरा बांधून!" दुसरा कोणीतरी म्हणाला, "आमच्या घरातनं कधी नाय आला बाबा लाल दोरा." आई कानापर्यंत लाल झाली. आबांनी फोन बंद केला.

मला तेव्हा गंमत वाटली. सत्तरीच्या माणसाला बायकोवरून चिडवतायत म्हणजे गावात सगळं ठीक आहे, असं मी आईला म्हणाले. आईही हसली. लाल दोऱ्याचं म्हटल्यावर त्यांना कळेलच, असं ती धरून चालली.

बाराव्या दिवशी, शेवटच्या दोन गोळ्या संपल्या त्या दिवशी, पापडांचं ऊन पुरं झालं. तेराव्या दिवशी आईने फोनवर विचारलं, "मिळालं ना सगळं नीट?" आबा म्हणाले, "मिळालं." विषय संपला. आई त्या दिवशी पोटभर जेवली, दुपारी चक्क घोरली. मी मनात म्हटलं, सुटलो.

पंधराव्या दिवशी दुपारी हे कामावरून आले ते एक पिशवी घेऊन. आबांनी नवे वाल पाठवले होते. बस थांबल्यावर बांबूवरची पिशवी काढून घ्या, असं लांबूनच हाताने खुणावलं होतं म्हणे. आमचेही नियम होतेच. पिशवी बाहेर, हे आंघोळीला, आणि मी वाल उन्हात घालायला गच्चीवर. सुपात ओतले तर शेवटी तळाशी काहीतरी चकाकलं.

गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. दोन्ही गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं, एकात एक घडी घातलेली.

मी तशीच जिना उतरले. आईने पाकिटं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. आबा मागत होते. दहा जणांपुढे तोंडाने मागता येत नव्हतं म्हणून वालांच्या तळाशी घालून मागत होते. तेरा, चौदा, पंधरा. तीन दिवस त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं ते वाकडं झालेलं तोंड आलं.

"त्यांनी पुडकं उघडलंच नाय," आई म्हणाली. "लाव फोन."

फोन लागला. आबाच होते.

"लाल दोऱ्याचं पुडकं कुठे हाय?" आईने सरळ विचारलं.

"दिलं की."

"दिलं? कोणाला?"

"वैनीला. पैला वानोळा तुझा तिलाच जातो ना दरसाली? चांगलं ते पैलं द्यायचं, तूच शिकवलंस. आनि ही लोकं..." आबांचा आवाज जरा उतरला. "ही लोकं दोन दिस लाल दोरा, लाल दोरा करून डोकं खात होती. म्हटलं नको ती कटकट."

चाळीस वर्षांत आबांनी स्वतःच्या हाताने कधी वानोळा पोचवला नव्हता. आई घरात नाही म्हणून त्यांनी तो या वर्षी पोचवला, सहाही पुडकी, घरोघर, ओट्यावर ठेवून. स्वतःला एक पापड ठेवला नाही. आईचं इतकं तंतोतंत ऐकायला त्यांना नेमकी हीच वेळ सापडावी! मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या, आईच्या जवळच्या. आणि आमच्याकडे वानोळ्याचे पापड कोणी लगेच उघडत नाही. ते पावसाळ्यासाठी डब्यात जातात. म्हणजे गोळ्या वहिनींच्या माळ्यावर, डब्याच्या बुडाशी, पाऊस पडेपर्यंत सुखरूप राहिल्या असत्या.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी आडून बोलेल. पण तिने फोन तोंडाशी धरला आणि अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "अहो, त्यात तुमच्या गोळ्या होत्या! पापडांच्या मध्ये! तिकडे कोण कोण बसलंय रे? ऐका सगळ्यांनी. तुमच्या आबांना मागल्या पावसात झटका येऊन गेलाय. तीन दिवस गोळी नाय त्यांना. धावा कोणीतरी!"

हे नुकतेच आंघोळ करून आले होते, ते टॉवेल खांद्यावर घेऊन दारातच थबकले. मग फोनमधून धावत्या चपलांचा आवाज आला, मोटारसायकल सुरू झाली, कोणीतरी "वैनीऽऽ" म्हणून हाका मारत गेलं. आबा एवढंच म्हणाले, "काय गो हे." फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

आम्ही तिघं फोनभोवती बसून राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. त्या वेळात ह्यांनी मला दोनदा विचारलं, "मला का नाही सांगितलं?" माझं बरोबर नव्हतं, हे मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

मग गलका ऐकू आला. वहिनी स्वतःच आल्या होत्या, मोटारसायकलवर मागे बसून, डबा मांडीवर घेऊन. कोणी कोणाच्या जवळ जायचं नाही हा आबांचा नियम साऱ्या गावाने पाच मिनिटांत मोडला होता. डबा उघडल्याचा आवाज, मग वहिनींचा आवाज, "हे बघा! पाचव्या पापडाखाली!"

आणि तेवढ्यात एक जण म्हणाला, "आबा, दोन दिस उन्हात ठेवायच्या का आता ह्या?"

एवढा वेळ आवळून धरलेलं सगळं त्या हशात सुटलं. तिकडे फाट्यावर सगळे हसत होते, इकडे हे हसत होते, मी रडता रडता हसत होते. आई एकटी हसली नाही. ती फोनमध्ये सांगत होती, "पांढरी आधी घ्या, मग गुलाबी. पाणी हाय का तिकडे? बसून घ्या." पाण्याचा तांब्या आला. आबांनी गोळ्या घेतल्या. वहिनींनी तसं जाहीर केलं, "घेतलान गोऽ, माझ्यासमोर घेतलान." मग आईने पदर डोळ्यांना लावला. पेणच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, दैव बलवत्तर, आता नेहमीसारख्या चालू ठेवा. मी देवापुढे साखर ठेवली.

आबा दोन दिवस फाट्यावर गेले नाहीत. आता आपलं कोण ऐकणार, असं त्यांना वाटलं असणार. तिसऱ्या दिवशी गावची चार माणसं त्यांच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. बाहेरून एक टेंपो आलाय, आत सोडायचा की नाही, तुम्ही सांगा. आबा पंचा बांधून निघाले. त्या दिवसापासून फाट्यावर पाळीला बसणाऱ्यांनी आपल्या कामात आणखी एक काम धरलं. सकाळी आबा खुर्चीत बसले की कोणीतरी विचारायचंच, "आबा, गोळी?" आबा रोज रागवायचे आणि रोज उत्तर द्यायचे. हे बसमधून जाताना खिडकीतून ओरडायचे, "मामा, गोळी?" लपवून ठेवल्याचा राग त्यांनी असा वसूल केला.

मे महिन्यात आईला पास मिळाला. आम्ही तिला गाडीने सोडायला गेलो. कासू, नागोठणे, मध्ये दोनदा पोलिसांनी अडवलं. एकाने पास उलटसुलट करून पाहिला आणि आईला विचारलं, "आजी, कशाला जाताय?" आई म्हणाली, "घरी." त्याने गाडी सोडली.

फाट्यावर पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. काट्यांपलीकडे सगळे उभे होते, वहिनीसुद्धा. आबा पंधरा हातांवर, पंच्यातून फक्त डोळे दिसत होते. जवळजवळ दोन महिन्यांनी दोघं एकमेकांना पाहत होती. कोणीतरी म्हणालं, "आबा, काकीला जाऊ द्या सरळ घरी. काय होतंय?" आबांनी नुसती शाळेकडे मान हलवली. नियम म्हणजे नियम. आईलाही त्याचं काही वाटलं नाही. सोबत अंथरूण आणि पापडांचा डबा घेऊन ती तयारीनेच आली होती.

तिने गाडीतून उतरून पदर सारखा केला आणि पलीकडे बघून विचारलं, "गोळी घेतलीत?"

"घेतली!" काट्यांपलीकडून सगळे एकदम ओरडले.

"तुमाला इचारलंय का?" आबा त्यांच्यावर खेकसले. मग त्यांनी तोंडावरचा पंचा खाली ओढला. तोंड सरळ होतं. मी तेच बघायला आले होते, हे मला तेव्हा कळलं. आईही तेच बघत होती.

"बरा हाय गो मी," आबा म्हणाले.

धाड भरल्याची भाषा नव्हती. चारचौघांपुढे, साध्या आवाजात, विचारलं त्याचं उत्तर दिलं. आई मान हलवून अंथरूण काखेत मारून शाळेकडे चालायला लागली. चौदा दिवस त्या व्हरांड्यात काढायचे होते, पण चाल अशी की जणू घरीच निघाली होती.